स्वप्नात ध्यानाला बसायचं तर

हरभरा घाट्यावर आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-घाटंजीच्या पट्ट्यात शेतकऱ्याचं अंथरूण वावरात जातं. रानडुकरं एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी करतात, म्हणून मचाणावर जागल. त्यातच थ्री-फेजची पाळी रात्रीची असली तर मोटर चालू करायलाही उठावं लागतं. झोप तुकड्यातुकड्यानं होते. अशा दिवसांत पारावर कधी कधी ऐकू येतं, "मले सपनातच समजलं, का हे सपन हाय म्हणून. डुक्करं घुसले होते, पण म्या म्हटलं, खा लेकहो!" ऐकणारे हसतात, पण सांगणारा थापा मारत असेलच असं नाही.

झोप चालू, स्वप्नही चालू, आणि तरी हे स्वप्न आहे याची जाण, याला सजग स्वप्न किंवा 'ल्यूसिड ड्रीम' म्हणतात. पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा २०१६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पाहिल्याचं दिसलं. महिन्यातून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा पाहणारे २३ टक्के निघाले.

तुटक झोपेचा याच्याशी संबंध आहे. साधारण दर नव्वद मिनिटांनी 'रेम' झोपेचा टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. त्या वेळी जाग येऊन माणूस पुन्हा आडवा झाला, की ताजी जाग घेऊनच तो स्वप्नात शिरण्याची शक्यता वाढते.

आता झोपलेला माणूस खरंच सजग आहे, हे दुसऱ्याला कळणार कसं? रेम झोपेत मेंदू बहुतेक स्नायू ढिले सोडतो. नाहीतर स्वप्नातल्या डुकरामागे आपण मचाणावरून उडी टाकली असती. मोकळे राहतात ते मुख्यतः डोळे आणि श्वासाचा पडदा. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५ मध्ये नेमका याचाच उपयोग केला. अ‍ॅलन वर्सली या स्वप्न पाहणाऱ्यानं आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्रावर उमटली. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवून दिलं. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्नच विचारले. आठातून सहा गेले किती? एकानं झोपेतूनच डोळे दोनदा हलवून उत्तर दिलं.

ही जाण शिकता येते. लाबर्ज यांची रीत अगदी साधी. चार-पाच तासांच्या झोपेनंतर जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, आणि 'पुढच्या वेळी हे स्वप्न आहे हे मला आठवेल' असं मनाशी घोकत पुन्हा झोपायचं. दिवसाही अधूनमधून 'आत्ता मी स्वप्नात तर नाही?' अशी तपासणी करायची. हर्न यांनी नोंदवलं होतं की स्वप्नात बटण दाबूनही दिवा बहुधा लागत नाही. ही खूण आपल्याकडे कुचकामी. बटण दाबून लाईट लागला नाही तर ते स्वप्न कसलं, ते रोजचंच! त्यापेक्षा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा. जागेपणी तो अडतो, स्वप्नात पुष्कळदा खुशाल आत जातो.

खरी गंमत पुढे आहे. सजगता आली म्हणून स्वप्नातच मांडी घालून, डोळे मिटून ध्यानाला बसावं, तर बऱ्याचदा सगळं विरतं आणि आपण अंथरुणात जागे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल टोले यांनीही एका बिंदूवर नजर रोखली की स्वप्न मोडतं असं सांगितलं आहे. त्यामुळे स्वप्नातलं ध्यान हालचालीपासून सुरू करणं बरं. हात एकमेकांवर चोळावेत, धुऱ्यावरून चालावं, पायाखालचं ढेकूळ फुटताना जाणवू द्यावं. आनंदानं हुरळून गेलात तरी जाग येते. जरा स्थिरावल्यावर लक्ष श्वासाकडे न्यावं.

श्वासच का? १९८२ मध्ये लाबर्ज आणि विल्यम डिमेंट यांनी दाखवलं की सजग स्वप्नात कुणी ठरवून श्वास रोखला किंवा भराभर घेतला, की अंथरुणातल्या शरीराचा श्वासही तसाच बदलतो. स्वप्नातलं वावर, मोटर, माणसं सगळी मेंदूनं उभी केलेली. श्वासाची दोरी मात्र खऱ्या देहाला बांधलेली असते. मला स्वप्नात उडण्याच्या हौसेपेक्षा हे कितीतरी विलक्षण वाटतं.

कल्पना काही नवी नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत स्वप्न आणि निद्रा यांच्या ज्ञानाचा आधार घेऊन चित्त स्थिर करता येतं असं सूत्र आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत तर स्वप्नयोगाची वेगळी साधनाच आहे.

मग विदर्भात गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाच्या पहाटेच्या सामुदायिक ध्यानाला बसणाऱ्यांना हे सोपं जाईल का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात अनेक वर्षं ध्यान करणाऱ्यांना सजग स्वप्नं जास्त पडत असल्याचं आढळलं. पण नवख्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग देऊन काही फरक पडला नाही. त्यामुळे महिनाभरात स्वप्नसिद्धी देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहिलेलं बरं.

आणखी एक सांगायलाच हवं. जागलीच्या हंगामात हा प्रयोग मुद्दाम करू नये. आधीच अपुरी असलेली झोप आणखी तोडून दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेणं धोक्याचं आहे. ज्यांना भास होतात किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

पहाटे झोप-जाग, झोप-जाग करताना कधी डोळे उघडतात पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. गावात लगेच बाहेरचं झालं म्हणतात, अंगारा येतो. खरं तर रेम झोपेतला स्नायूंचा ढिलेपणा जाग आल्यावरही थोडा वेळ रेंगाळलेला असतो. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत तो आपोआप जातो. उताणं झोपल्यावर हे जास्त घडतं, म्हणून कुशीवर झोपावं. तेवढ्यानंही वारंवार होत असेल आणि दिवसा अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.