कॉलिंग (कायोटी आणि खोकडांची शिकार)

जखमी सशाचा किंवा हरणाच्या पाडसाचा आवाज काढून मांसभक्षी जनावराला आपल्याकडे बोलावून घ्यायचं, या शिकारीच्या पद्धतीला कॉलिंग म्हणतात, आणि ती मुख्यतः उत्तर अमेरिकेत चालते. नावांचा गोंधळ आधीच मिटवलेला बरा. अनुवादातल्या गोष्टींमध्ये फॉक्सला सर्रास कोल्हा म्हणतात, पण आपल्याकडचा खरा कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड, म्हणून इथे खोकडच म्हटलंय. कायोटी हा तिसराच प्राणी, उत्तर अमेरिकेतला, लांडग्याचा लहान भाऊबंद. त्याचं नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या कोयोत्लवरून स्पॅनिशमार्गे आलं, आणि कॅनिस लॅट्रन्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा, हे शास्त्रीय नाव अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ थॉमस से यांनी १८२३ मध्ये दिलं.

पद्धत मूळची कुठली यावर एकमत नाही. अमेरिकन शिकारी टेक्ससकडे बोट दाखवतात, तिथे मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकात तोंडाने फुंकायचे कॉल, म्हणजे असा आवाज काढणाऱ्या शिट्ट्या, विकायला सुरुवात केली आणि पुढे वेकोच्या जॉनी स्टुअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करून बाजारात आणले. पण हा धंद्याचा इतिहास झाला, पद्धतीचा नाही. हाताच्या पाठीला ओठ लावून चूं चूं काढणं त्याआधीपासून चालत आलंय, आणि जर्मन शिकाऱ्यांकडे सशाच्या किंकाळीला हासेनक्लागे असा स्वतंत्र शब्दच आहे, खोकडांसाठी ती थंडीत वाजवतात. त्यामुळे एकच उगम शोधण्यापेक्षा ठिकठिकाणी ही युक्ती आपापली सुचली असावी हे मत जास्त पटतं.

कायोटी जंगलातला की माळावरचा हाही वाद आहे. तो फक्त उत्तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांचा, असं बरीच वर्षं लिहिलं गेलं. २०१८ च्या एका अभ्यासात जीवाश्मं आणि संग्रहालयांतले नमुने तपासल्यावर तो आधीपासूनच खंडाच्या पश्चिमेकडच्या मोठ्या भागात होता असं दिसलं. पूर्वेच्या जंगलांत मात्र तो साधारण १९०० नंतर पसरला, जंगलतोड झाली आणि लांडगे संपले म्हणून.

माळावर तो लांबून दिसतो, रानात नाही. चिरका आवाज पानांत लवकर विरतो, म्हणून ऐकणारं जनावर बहुधा जवळपासच असतं, आणि येतं ते ओढ्याच्या काठाने, लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याने, दाट झुडपं आणि विरळ रान भेटतात त्या कडेने, म्हणजे आडोसा सोडायचा नाही. आवाज कुठून आला हे कानाला नेमकं कळतं पण भरवसा नाकावर, म्हणून शेवटी वळसा घालून ते अशा बाजूला जातं की वारा आवाजाकडून त्याच्या नाकाकडे यावा. प्रत्येक कायोटी वळसा घालतोच असं अनेक शिकारी ठामपणे सांगतात, ते जरा जास्त होतं, कारण पहिल्या वर्षाची कोवळी जनावरं सरळ धावत येतातही. दाट रानात तो वळसा इतका आखडतो की जनावर वीस-तीस पावलांवर येऊनही दिसत नाही. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र, शिकारी स्वतःजवळ न ठेवता थोडं दूर, वारा येतो त्या अंगाला ठेवतात, म्हणजे वळसा शिकाऱ्याच्या समोरून जातो आणि त्याचा स्वतःचा वास जनावरापर्यंत पोचत नाही; रानात रायफलपेक्षा शॉटगन सोयीची पडते ती या कमी अंतरामुळेच.

तांबडं खोकड कायोटीला घाबरून असतं, कायोटी त्याला मारतोही, म्हणून जिथे दोघं आहेत तिथे ते थांबत, बसून बघत येतं, आणि कायोटीच्या कोल्हेकुईचा कॉल लावला तर येतच नाही. करडं खोकड झाडावर चढणारं, झुडपांची गर्दी त्याला अडचण वाटत नाही, बऱ्याचदा ते गचपणातूनच तडक येतं.

कॉल लावून जास्तीत जास्त कायोटी मारायच्या स्पर्धाही भरतात, त्या क्रूर आहेत. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बक्षिसांच्या अशा स्पर्धांवर बंदी घातली, व्हरमाँटने २०१८ मध्ये कायोटींच्या स्पर्धा बंद केल्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा आणि खोकड दोघांच्याही शिकारीला मनाई आहे.