परवडणाऱ्या घरांसाठी टाउनचा पैसा: मॅसॅच्युसेट्समध्ये सीपीएचा अर्ज कसा करायचा

प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात ‘सीपीए’ नावाची एक छोटी ओळ असते. बॉस्टनच्या आसपास राहणारी आपली कितीतरी मराठी कुटुंबं ती रक्कम वर्षानुवर्षं भरतात. त्याच पैशातून दोन गल्ल्यांपलीकडच्या म्हाताऱ्या भाडेकरूंचं छप्पर बदललं जातं, एखादी मोकळी जमीन घरांसाठी टाउन विकत घेतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. हा पैसा अर्ज करून मागता येतो, हे तर त्याहून कमी जणांना.

सीपीए, म्हणजे कम्युनिटी प्रिझर्वेशन अ‍ॅक्ट, हा राज्याचा २००० सालचा कायदा. तो आपोआप लागू होत नाही. ज्या टाउनचे मतदार तो मंजूर करतात, तिथेच लागू होतो. राज्यातल्या ३५१ शहरं आणि टाउनांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी तो आहे. बॉस्टनने २०१६ मध्ये तो १ टक्का अधिभाराने, म्हणजे टॅक्सवर तेवढी जादा रक्कम घेऊन, स्वीकारला. अधिभार जास्तीत जास्त ३ टक्के, तोही घराच्या किमतीवर नाही, टॅक्सच्या रकमेवर. समजा घराची किंमत ६ लाख डॉलर आणि टॅक्सचा दर हजारी १५ डॉलर. टाउनने पहिल्या १ लाखाची सूट ठेवली असेल, तर उरलेल्या ५ लाखांवरचा टॅक्स ७,५०० डॉलर. दीड टक्क्याने वर्षाला ११२ डॉलर ५० सेंट. कमी उत्पन्नाच्या घरमालकांना पूर्ण माफी देण्याची सोयही टाउन ठेवू शकतं. तशी असेल तर तिचा अर्ज असेसरच्या, म्हणजे टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात मिळतो. जमलेल्या रकमेत राज्य आपल्या निधीतून भर घालतं.

दरवर्षी या पैशातले किमान १० टक्के मोकळ्या जागा आणि क्रीडांगणांसाठी, १० टक्के ऐतिहासिक वास्तूंसाठी आणि १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी खर्च करावे किंवा राखून ठेवावे लागतात. बाकीचा मोठा हिस्सा यांपैकी कशासाठीही वापरता येतो. खरी चुरस त्या हिश्शासाठी असते.

आता पात्रता. इथे एका शब्दावर अर्ज अडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी ज्या ना-नफा संस्थेत शनिवारी मदत करते, तिच्याकडे आठ भाडेकरूंची जुनी लाकडी इमारत आहे. पाऊस आला की वरच्या मजल्यावर बादल्या मांडायच्या. आमच्या पहिल्या अर्जात आम्ही ‘देखभाल, रंगकाम आणि स्वयंपाकघरांचं नूतनीकरण’ असं लिहिलं. अर्ज परत आला. कायद्यानुसार नेहमीच्या देखभालीला हा पैसा देता येतच नाही. गटार साफ करणं, गळका नळ बदलणं, रंगाचा हात मारणं ही कामं मालकाने आपल्या खर्चाने करायची. नूतनीकरणाला पैसा मिळतो, पण इमारत मुळात सीपीएच्या पैशातून घेतलेली किंवा बांधलेली असेल तरच. आमची तशी नव्हती. मात्र इमारतीचं होणारं नुकसान थांबवणारं काम कोणत्याही पात्र घरांसाठी चालतं. पुढच्या वर्षी आम्ही स्वयंपाकघरं वगळली आणि संपूर्ण छप्पर व कुजलेल्या तुळया बदलण्याचं काम मांडलं. सोबत भिंतीतून ओघळलेल्या पाण्याचे फोटो लावले. तो अर्ज पुढे गेला.

घरं ‘परवडणारी’ ठरतात ती भाडेकरूच्या उत्पन्नावरून. त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचं उत्पन्न ज्याहून कमी असतं, त्या रकमेच्या) ८० टक्क्यांच्या आत म्हणजे अल्प, १०० टक्क्यांच्या आत म्हणजे मध्यम गट. हे आकडे केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं दरवर्षी जाहीर करतं. अर्जात चालू वर्षाचेच घाला.

जमीन घ्यायची असेल तर अप्रेझल, म्हणजे किमतीचं अधिकृत मूल्यांकन, लागतंच, कारण मूल्यांकनापेक्षा एक डॉलरही जास्त देता येत नाही. खरेदीनंतर त्या मालमत्तेवर कायमचं बंधन नोंदवावं लागतं, म्हणजे उद्या कुणी ती महागड्या घरांसाठी विकू शकत नाही.

कागदपत्रं टाउनगणिक थोडी बदलतात. साधारणपणे अर्जाचा नमुना, खर्चाचा तपशील, कंत्राटदारांची दरपत्रकं, मालकीचा किंवा खरेदीकराराचा पुरावा, नकाशा, फोटो, वेळापत्रक आणि बाकीचा पैसा कुठून येणार याची माहिती मागतात. शेजाऱ्यांची पाठिंब्याची पत्रं जोडा. अर्ज तपासणारी टाउनची सीपीए समिती ती खरोखर वाचते.

ही समिती पाच ते नऊ जणांची. तिच्यात नियोजन मंडळ, हाउसिंग ऑथॉरिटी वगैरेंचे प्रतिनिधी असतात. अर्ज बहुतेक ठिकाणी शरद ऋतूत घेतात, हिवाळ्यात चर्चा होते आणि वसंतात टाउन मीटिंग, म्हणजे ठरावांवर मत द्यायची टाउनची सभा, भरते. वर्षातून निदान एक जाहीर सुनावणी समितीला घ्यावीच लागते. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनो, व्हिसावाल्यांनो, तुमची जागा इथे आहे, आणि ती रिकामी राहते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण शेवटचा निर्णय टाउन मीटिंगचा असला, तरी समितीने शिफारस केलेली रक्कम तिथे कमी करता येते किंवा फेटाळता येते. वाढवता येत नाही. समितीने न सुचवलेलं काम ऐन सभेत घुसवताही येत नाही. साध्या बहुमताने ठराव होतो. जमिनीसाठी कर्जरोखे काढायचे असतील तर दोन तृतीयांश मतं लागतात. आमच्या छपराच्या वेळी शाळेच्या जिममध्ये लोक रंगीत कार्डं वर धरून बसले होते, सभा चालवणाऱ्या मॉडरेटरने दोनदा मोजायला लावलं, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी पहिल्या रांगेत हात घट्ट मिटून बसल्या होत्या. मत द्यायचं तर सभेच्या किमान १० दिवस आधी मतदार यादीत नाव हवं. विषयपत्रिका, म्हणजे वॉरंट, वार्षिक सभेच्या ७ दिवस आणि विशेष सभेच्या १४ दिवस आधी लागते. शहरांमध्ये टाउन मीटिंगच्या जागी सिटी कौन्सिल असतं.

मंजुरी मिळाली म्हणून लगेच काम सुरू करू नका. पैसा सहसा १ जुलैला, नवं आर्थिक वर्ष लागल्यावर मिळतो, तोही टाउनशी लेखी करार झाल्यावर आणि बिलं दाखवल्यावर. करारावर सही होण्याआधी कंत्राटदाराला दिलेला ॲडव्हान्स धरून चालू नका. तो बहुधा आपल्याच खिशातून जातो.