अर्धवट राहिलेली पदवी आणि स्किझोफ्रेनिया

कागदाच्या माथ्यावर १ ते ९ हे अंक एका ओळीत छापलेले असतात आणि प्रत्येक अंकाखाली त्याचे ठरलेले एक चिन्ह असते. त्याखालच्या चौकटींत नुसते अंक, उलटसुलट क्रमाने. वरची जोडी पाहून प्रत्येक अंकाखाली त्याचे चिन्ह भरत जायचे, एवढेच काम. पाठांतर नाही, हिशेब नाही, फक्त वेळ मोजला जातो. स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींमधला फरक ठळकपणे दाखवणाऱ्या चाचण्यांत या साध्या दिसणाऱ्या चाचणीचा क्रमांक बराच वर लागतो. अनेक अभ्यासांच्या आकडेवारीचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या २००७ सालच्या एका शोधनिबंधात तर स्मृतीच्या चाचण्यांपेक्षाही येथे दिसणारी तफावत मोठी भरली.

स्किझोफ्रेनिया म्हटले की कानात येणारे आवाज आणि संशय यांची आठवण होते. पण लक्ष टिकवणे, ऐकलेले क्षणभर मनात धरून त्यावर काम करणे, नवे शिकणे, योजना आखणे आणि या सगळ्याचा वेग, म्हणजे ज्याला संज्ञानात्मक कार्य म्हणतात, तेही या आजारात बाधित होते. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला ‘अकाली येणारी बुद्धिक्षीणता’ अशा अर्थाचे नाव दिले, ते यामुळेच. त्याचे भाकीत पुष्कळ बाबतींत निराशावादी ठरले, कारण बहुतेकांची बुद्धी स्मृतिभ्रंशाप्रमाणे सतत ढासळत जात नाही; परंतु विचारशक्तीचा प्रश्न या आजाराच्या गाभ्याशी आहे, हे त्याचे निरीक्षण टिकून राहिले. १९५० च्या दशकापासून उपलब्ध झालेली औषधे आवाज आणि संशय पुष्कळ प्रमाणात आटोक्यात आणतात, पण संज्ञानावर त्यांचा परिणाम फारसा होत नाही. उलट, औषधांमुळे येणारा कंप किंवा ताठरपणा कमी करण्यासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिलसारखे औषध स्मृतीला आणखी जड जाऊ शकते. (ते परस्पर बंद करण्याचे कारण नाही; डॉक्टरांशी बोलण्याचे मात्र जरूर आहे.)

महाविद्यालयाच्या वर्गात याचा अर्थ काय होतो, ते पाहण्यासारखे आहे. प्राध्यापक बोलत असताना टिपण घेणाऱ्या विद्यार्थ्याला एक वाक्य ऐकायचे असते, आधीचे वाक्य मनात धरायचे असते, त्यातले महत्त्वाचे निवडायचे असते आणि हात चालता ठेवायचा असतो. हा वेग थोडाही उणा पडला, की पहिले वाक्य लिहून होईपर्यंत तिसरे निघून गेलेले असते, आणि तासाच्या अखेरीस वहीत परस्परांशी न जुळणारे तुकडे उरतात. विषय समजत नाही असे नव्हे. घरी सावकाश वाचला तर तोच विषय समजतो. घरच्यांच्या आणि शिक्षकांच्या नजरेत मात्र हे ‘लक्ष नाही’ किंवा ‘आळस आहे’ या सदरात जमा होते.

अशा स्थितीत शिक्षणाची वर्षे आणि संज्ञानात्मक क्षमता यांचा संबंध संशोधनांत वारंवार आढळावा, यात नवल नाही. अधिक शिकलेल्या रुग्णांना चाचण्यांत सरासरीने अधिक गुण मिळतात. प्रश्न आहे तो या संबंधाचा अर्थ लावण्याचा, आणि तेथे घाई केली तर हमखास चूक होते.

हा आजार साधारणपणे किशोरवयाच्या अखेरीस ते पंचविशीच्या आसपास उघड होतो; स्त्रियांमध्ये सरासरी काही वर्षे उशिरा. म्हणजे नेमका बारावी, पदवी आणि पहिली नोकरी यांचा काळ. स्पष्ट लक्षणे दिसण्याआधीही बऱ्याचदा एकदोन वर्षे गुण घसरतात, मित्र तुटतात, हजेरी कमी होते. त्याहीपूर्वीच्या खुणा काही अभ्यासांत सापडल्या आहेत. स्वीडनमध्ये १९६९-७० मध्ये लष्करी सेवेसाठी तपासल्या गेलेल्या सुमारे ५०,००० तरुणांमध्ये, बुद्धिमापन चाचणीतील गुण जितके कमी, तितकी पुढे स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता अधिक, असा कल दिसला. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा आजही घेतला जातो. त्यांतील ज्यांना पुढे हा आजार झाला, त्यांच्यात भाषिक क्षमतेतील उणीव सातव्या वर्षीच होती आणि पुढे तेवढीच राहिली. वेग आणि अल्पकालीन स्मृती यांची वाढ मात्र सोबत्यांच्या मानाने हळूहळू मागे पडत गेली. ड्युनेडिनमधील रुग्णांची संख्या थोडी आहे, आणि दोन्ही निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांना हा आजार कधीही होत नाही, आणि तो होणाऱ्यांत हुशार मुलेही असतात.

तेव्हा कमी शिक्षण हे कमी गुणांचे कारण, की आजाराने आधीच बारीकपणे सुरू केलेल्या कामाचा परिणाम? दोन्ही, आणि ते वेगळे काढणे अवघड आहे. संशोधकांपुढे यातून एक पेच उभा राहतो. रुग्णांची तुलना तेवढेच शिकलेल्या निरोगी व्यक्तींशी केली, तर न्याय्य वाटते, पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आजारामुळे शिक्षण सुटलेल्या तरुणाची तुलना बारावीवर स्वेच्छेने थांबलेल्या माणसाशी केली, तर आजाराने केलेले नुकसान आपण हिशेबातूनच पुसून टाकतो. म्हणून अनेक चांगल्या अभ्यासांत रुग्णाच्या नव्हे, तर त्याच्या आईवडिलांच्या शिक्षणावरून गट जुळवले जातात. वृत्तपत्रांत या विषयावरची बातमी वाचताना मी आधी हेच शोधतो, आणि ते बहुधा दिलेले नसते.

रुग्णाच्या घरच्यांना धीर देताना जॉन नॅश यांचे नाव हमखास घेतले जाते. गणितज्ञ, १९९४ चे अर्थशास्त्रातील नोबेल, आणि स्किझोफ्रेनिया. पण नॅश यांनी १९५० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली आणि त्यांचा आजार १९५९ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, उघड झाला. त्यांचे शिक्षण तोवर पदरात पडले होते. अठराव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलासमोर हे उदाहरण ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते.

भारतात या गणितात आणखी एक गुंता आहे. ज्याने शाळेनंतर पेन्सिल हातात धरलेली नाही, त्याला चिन्हे भरण्याच्या चाचणीत आजार नसतानाही वेळ लागतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचाची प्रमाणके, म्हणजे गुण ताडून पाहण्याचे तक्ते, म्हणूनच वय आणि लिंगाबरोबर शिक्षणानुसारही वेगवेगळी दिलेली आहेत. पाश्चात्त्य तक्ते जसेच्या तसे वापरले, तर शाळेची संधी न मिळालेली शेतमजूर बाई विनाकारण ‘गंभीर’ ठरेल.

सुधारणेसाठी काय करता येते? संज्ञानात्मक पुनर्वसन या पद्धतीत लक्ष, स्मृती आणि नियोजन यांचा पायरीपायरीने सराव करून घेतला जातो. निम्हान्सने घरी करण्याजोगे असे प्रशिक्षण नव्याने आजारी पडलेल्या रुग्णांवर तपासले, आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष विभागणे, विचाराची दिशा बदलणे, नियोजन करणे यांत फायदा दिसला. त्या संस्थेच्या परंपरेत लक्ष वाढवण्यासाठी मिसळलेली धान्ये वेगवेगळी करण्याचा सराव आहे: ताटात मूठभर धान्य, समोर वाट्या, आणि वेळेची नोंद. आपल्याकडे निवडण्या-टिपण्याचे काम नवे नाही, त्यामुळे शुभंकर (काळजी घेणारे) आणि शुभार्थी (रुग्ण) दोघांनाही ते परके वाटत नाही.

२०२१ मध्ये १३० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने दाखवले की या पद्धतीचा परिणाम माफक, पण खरा असतो. प्रशिक्षित मार्गदर्शक सोबत असला आणि सरावाला नोकरी-शिक्षणाच्या पुनर्वसनाची जोड मिळाली, तर तो वाढतो. नुसते संगणकावर बसवून देणे पुरेसे नाही. शिवाय कमी शिकलेल्या रुग्णांना अधिक लाभ झाल्याचे दिसले. ‘हा फारसा शिकलेला नाही, याला काय जमणार’ म्हणून ज्याला यादीतून वगळले जाते, तोच बहुधा योग्य उमेदवार असतो.

शिक्षण पुन्हा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी कायद्यात वाट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सवलत आहे. आजारपणात वर्षे गेलेल्यांना ही दुसरी तरतूद विशेष कामाची. अडचण अशी की मानसिक दिव्यांगत्व मोजण्याच्या आपल्याकडील ‘आयडियाज’ मोजपट्टीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रे येतात. विचारांचा वेग मोजणारी स्वतंत्र चाचणी तिच्यात नाही. नीट बोलणारा, नीटनेटका राहणारा, पण तीन तासांच्या पेपरात दोनच तासांचे लिहू शकणारा विद्यार्थी तिच्यातून सहज निसटतो. अशा विद्यार्थ्याने मानसशास्त्रज्ञाकडून संज्ञानात्मक तपासणी करून घेऊन तिचा लेखी अहवाल अर्जासोबत जोडावा. जादा वेळ मागताना महाविद्यालयासमोर ठेवण्यासाठी त्याच्या हाती तेवढाच ठोस कागद असतो.