घाट उतरताना अर्धा लिटर डिझेल कुठे जातं?

माझा भाचा मांडव-डेकोरेशनचा धंदा करतो. लग्नसराई आटोपली की जनरेटर वाहून न्यायचा त्याचा दोनचाकी ट्रेलर गोठ्याशेजारी ताडपत्री पांघरून पडून असतो. मागच्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं, की जनरेटर खाली काढायचा, ट्रेलरवर गंज-कढया, सिलिंडर, गाद्या टाकायच्या, जीपला जोडायचा आणि पोळ्याची कर झाली की घरादाराने चिखलदऱ्याला जायचं. ट्रेलरमध्ये एकही माणूस बसवायचा नाही, ही अट मी आधीच घातली. बाकी बेत झकास. त्या दिवसांत भीमकुंडाचा धबधबा भरात असतो, पंचबोल पॉइंटला धुकं दरीतून वर चढत येतं आणि गाविलगडाच्या तटावर गुडघाभर गवत असतं.

रस्ता त्याला माहीत होता. माझ्याकडे तो आला डिझेलचं बोलायला.

"चढताना पेईन ते, मामा. पन उतरताना न्यूट्रल मारतो. फुकटात येतो खाली."

फुकटात! पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर हा शब्द कानाला टोचतो. न्यूट्रलमध्ये उतरणं ही आपल्याकडची इतकी जुनी खोड आहे, की ती नवशिक्यालाही उस्तादच शिकवतात. डिझेलच्या नळीला चिमट्यासारखं लोहचुंबक लावून मायलेज वाढवून देणारे विक्रेतेही याच गिऱ्हाइकाच्या जोरावर जगतात. म्हणून भाच्याला ओट्यावर बसवलं आणि हिशेबच मांडला.

परतवाड्याचा सखल भाग आणि चिखलदऱ्याचं पठार यांच्या उंचीत सातशे मीटरहून थोडा जास्त फरक आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर. सोयीसाठी सातशे धरू. माणसांसकट जीप आणि सामानासकट ट्रेलर मिळून तीन टन, म्हणजे ३,००० किलो. शाळेतलं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. ३,००० × ९.८ × ७००, उत्तर दोन कोटी ज्यूलच्या थोडं वर. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण साडेतीन कोटी ज्यूल मिळतात. म्हणजे वर पोचलेल्या आपल्या गाडीत अर्ध्या लिटरच्या वर डिझेलएवढी ऊर्जा नुसती उंचीच्या रूपात साठलेली असते. (चढताना मात्र त्यासाठी दीड-पावणेदोन लिटर जाळावं लागतं, कारण इंजिन डिझेलमधल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा कामाला लावतं.)

आता तीच गाडी खाली परतवाड्यात येऊन थांबते. उंची गेली, वेगही शून्य. मग ते अर्धा लिटर गेलं कुठे? ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आठवीतलं पोरगंही सांगेल. ती सगळी उष्णता होते. तेवढ्या उष्णतेत सत्तर लिटर पाण्याला उकळी फुटेल. सत्तर लिटर म्हणजे वीस लिटरचे साडेतीन कॅन. घाट उतरताना तेवढं आधण आपण कुठे ना कुठे ठेवत असतो. कुठे ठेवायचं, एवढंच आपल्या हातात.

थोडी उष्णता टायर आणि वारा घेतात. रस्ता किती तीव्र उताराचा, त्यावर ते अवलंबून. साध्या घाटात पाव ते तिसरा हिस्सा. न्यूट्रल मारलं की उरलेलं सगळं ब्रेकच्या अंगावर. तेही फक्त जीपच्या, कारण आपल्याकडच्या या जनरेटरवाल्या ट्रेलरना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रेलरचे सात-आठशे किलो जीपच्या ब्रेकवर परभारे बसतात. चारही चाकांच्या डिस्क आणि ड्रमचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मिळून चाळीसेक किलो धरा. उष्णता बाहेर पडूच दिली नाही, तर दोन कोटी ज्यूल हे चाळीस किलो बीड हजार अंशांच्या पुढे नेतील. बीड अकराशे-बाराशेला वितळतं! अर्थात हवा लागते, उष्णता निघून जाते, तितकं कोणी तापत नाही. पण ब्रेक कामातून जायला तेवढं तापायची गरजही नसते.

ब्रेक फेल होण्याचा अर्थ "काहीतरी तुटलं" असा लोक घेतात. पुष्कळदा काहीच तुटलेलं नसतं. लायनरला, म्हणजे ड्रम-डिस्कवर घासणाऱ्या थराला, घट्ट धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य तापून विघटित होतं, वायू सोडतं आणि घर्षण घटतं. मागचा ड्रम तापून फुगतो, आतल्या शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खोल दाबावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पायाचा जोर नळीतून चाकापर्यंत पोचवणारं ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत दम धरतं. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि असं ओलावलेलं ऑइल १४० अंशांनाच उकळू शकतं. आपल्या दोन-तीन पावसाळ्यांतून गेलेलं ऑइल कोणत्या आकड्याच्या जवळ असेल, तुम्हीच ठरवा. उकळलं की नळीत वाफ. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा, हलत नाही. आता हवा भरून तेच करा. पेडल तसंच मऊ होऊन तळाला जातं. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठणठणीत, आणि मेकॅनिक म्हणतो, "कायी प्रॉब्लेम नाई."

आता माझा आवडीचा भाग. इथे थोडं डोकं लावावं लागेल.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलेटरवरून उचलला आहे आणि उतार गाडीला ढकलतो आहे. एरवी इंजिन चाकांना फिरवतं. आता चाकं इंजिनाला फिरवतात. इंजिन अशा वेळी एक मोठा पंप होतं. अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर मिनिटाला पावणेचार हजार लिटर हवा आत ओढून बाहेर टाकतं. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेच्या वाटेतली झडप मिटते, पिस्टनला जवळपास बंद तोंडातून हवा ओढावी लागते आणि त्यात चांगलाच दम निघतो. डिझेल इंजिनात तशी झडप हवा कोंडत नाही. म्हणून कोणी म्हणेल, हवा दाबताना इंजिन अडतं, तोच ब्रेक. हे अर्धवट खरं आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. पिस्टन वर जाताना जेवढं काम घेते, त्यातलं बरंचसं पिस्टन खाली येताना परत करते. मग अडवतं कोण? दाबताना तापलेल्या हवेने सिलिंडरच्या भिंतीला दिलेली उष्णता परत येत नाही, ती एक गळती. पिस्टनच्या रिंगा भिंतीवर घासतात, बेअरिंगमधलं ऑइल पातळ थरात ओढलं जातं, व्हॉल्व्हच्या फटीतून हवा कोंबावी लागते, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरत असतात. या चिल्लर खर्चांची बेरीज तीन हजार फेऱ्यांना दहा-बारा किलोवॅट होते. (मोठ्या ट्रकमध्ये याहून पुढची युक्ती असते. हवा पूर्ण दाबली गेली की ऐन वेळी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडून ती सोडून देतात. स्प्रिंग दाबायची आणि उसळायच्या आत मोडायची! कल्पना इतकी देखणी आहे, की मी एकदा नववीच्या वर्गात अख्खा तास तिच्यावर घालवला आणि पोरं पार झोपी गेली.)

दहा-बारा किलोवॅट पुरतात का? तीन टनांची गाडी शंभर मीटरला पाच मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने धरून ठेवायला, टायरचा वाटा वजा जाता, आठ-नऊ किलोवॅट लागतात. म्हणजे पुरतात. उतार तीव्र झाला की वरचं ब्रेकने भागवायचं, तेही मधूनमधून, सतत पाय ठेवून नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मात्र त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात आणि हा सगळा खर्च आटतो. "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर" हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम म्हणूनच बरोबर आहे.

इंजिनाला ही उष्णता जड का जात नाही? त्याला रेडिएटर आहे, पंखा आहे, पाणी आहे, ऑइल आहे. याहून कितीतरी जास्त उष्णता रोज बाहेर टाकायला ते बांधलंय. ब्रेकला फक्त वारा. आपले सत्तर लिटरचे आधण ज्याच्याकडे चूल आहे त्याच्याकडे ठेवावं, इतका साधा हा मामला.

आणि डिझेल? गिअरमध्ये, पाय उचललेला, फेऱ्या चढलेल्या असताना इंजिनात डिझेल सोडणारं इंजेक्शनच बंद होतं. नव्या गाड्यांत संगणक बंद करतो, जुन्या पंपात फेऱ्यांवर ताबा ठेवणारा गव्हर्नर. थेंबही जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तासाला अर्धा-एक लिटर जाळावंच लागतं. भाच्याचं "फुकट" त्यालाच महाग पडत होतं. काही महाभाग किल्लीच बंद करतात. मग दोन-तीनदा पेडल दाबलं की ब्रेकच्या मदतीचा व्हॅक्यूम संपतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि किल्ली बाहेर काढली तर ते जागीच कुलूप होतं.

सामान भरताना दुसरा मुद्दा निघाला. भाच्याने जड सिलिंडर उतरवायला सोपे म्हणून मागच्या फाळक्याशी ठेवले होते. त्याच्या आजोबांनी बंडी अशी भरली असती तर बैलांनीच सांगितलं असतं, कारण बंडी उलाळ, म्हणजे मागे जड, झाली की जू मानेवरून उचलतं. जीप बोलत नाही. ट्रेलर उलाळ भरला की तो वेगात शेपटी हलवायला लागतो, आणि वेग वाढेल तशी ती शेपूट आवरेनाशी होते. मांडवाची एक फळी तिरपी ठेवून नातीची खेळण्यातली जीप आणि तिला तारेने जोडलेली गाडी सोडून दाखवली. दगड मागे ठेवला तर अर्ध्या फळीत आडवी. पुढे ठेवला तर सरळ खाली. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. सिलिंडर पुढे आले. वळणात ब्रेक मारायचा नाही, वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग मोडायचा, हेही सांगितलं. नाहीतर मागून ट्रेलर ढकलतो आणि दोन्ही गाड्या अडकित्त्यासारख्या मिटतात.

चढताना मुलांना गाविलगडाची गोष्ट सांगितली. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या स्टीव्हन्सनच्या फौजेने किल्ल्याच्या उत्तरेला पोचायला डोंगरातून स्वतः रस्ता करत जड तोफा अक्षरशः हातांनी ओढल्या होत्या. ओढायला जीव काढावा लागला, पण त्यांना ब्रेकची चिंता नव्हती.

घाटात एक वळण असतंच, जिथे शेंदूर फासलेला दगड, नारळाच्या करवंट्या आणि लिंबू-मिरच्यांचा खच पडलेला असतो. "ती जागा खराब हाय," भाचा म्हणाला आणि हात जोडले. मी म्हटलं, जागा कुठे आहे ते बघ. लांबच लांब उतार संपता संपता आलेलं पहिलं तीव्र वळण. ब्रेक जिथे सर्वात तापलेले असतात, नेमकं तिथेच. भूत तिथे राहायला आलं असेल तर ते उष्णतेचं गणित शिकलेलं असलं पाहिजे. तो हसला नाही.

परतीला मोथ्याकडून धामणगाव गढीच्या दिशेने निघालो. हो हो म्हणूनही त्याने सवयीने तिसरा गिअर धरला, पाय ब्रेकवर. थोड्या वेळाने केस जळल्यासारखा वास आला. रुंद जागा बघून थांबलो, चाकांना दगड लावले. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढायचा नसतो. भाकरीच्या तव्यावर शिंपडतात तसे बोटांनी चार थेंब मागच्या ड्रमवर टाकले. चर्र झालं. भाचा बाटलीच ओतायला निघाला, त्याला अडवलं. तापलेलं बीड एकदम गार पाण्याने तडकतं. सिलिंडर होताच, चहा टाकला. अर्धा तास गेला.

मग दुसरा गिअर. इंजिन ओरडायला लागलं. मागून त्याची बायको म्हणाली, "अवो, हे इंजन कायले बोंबलून राह्यलं?" समोरून चढणारी बस आली तेव्हा आम्ही थांबून तिला वाट दिली, अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे. बाकी ब्रेकला पाय मोजकाच लागला. धामणगाव गढीला उतरून त्याने स्वतःच थेंब शिंपडले. ते ड्रमवरून ओघळले आणि धुळीत गेले.

परतवाड्याला पंपावर त्याने टाकी काठोकाठ भरली आणि पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली. पुढच्या खेपेला हिशेब लावतो म्हणे. बंपरची लिंबू-मिरची मात्र तशीच होती, तिच्यावर घाटातली लाल माती बसलेली.