सांबऱ्यावर पोर्तुगिजांचे बॉम्ब पडलेच नाहीत

बेळगावकडच्या घरांत एक गोष्ट अजून सांगतात: 1961 साली, गोवामुक्तीच्या वेळी, पोर्तुगीज विमानं सांबऱ्यावर बॉम्ब टाकून गेली आणि माणसं वाचली ती खंदकांमुळे. आमची आजीही परसातली बुजलेली खंदकाची जागा दाखवून हेच सांगायची. खंदकाची आठवण खरी, बॉम्बची नाही.

पोर्तुगिजांकडे गोव्यात लढाऊ विमानच नव्हतं. उलट 18 डिसेंबर 1961 ला आपल्या हवाई दलाची हंटर लढाऊ विमानं सांबऱ्याच्या विमानतळावरूनच उडाली आणि त्यांनी गोव्यातलं बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं. गोव्यातल्याच दाबोळीच्या धावपट्टीवर आपल्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले. तरी रात्रीत डागडुजी करून पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमानं निसटली, ती मात्र लढाऊ नव्हती. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला. आजीने ऐकलेली घरघर आपल्याच विमानांची असणार.

आणि असे खंदक नागमोडी का खणत? सरळ चरात एका टोकाला बॉम्ब पडला तर स्फोटाचा दाब नि कपच्या थेट दुसऱ्या टोकापर्यंत जातात; वळणावर त्या अडतात. आजी हाताने ते वळण काढून दाखवायची, ते अगदी बरोबर होतं.