ड्वार्फिझम असलेल्यांसाठी दिव्यांग दाखला आणि यूडीआयडी कार्ड: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

माझ्या धाकट्या भावाची उंची 3 फूट 9 इंच. दाखल्यासाठी तो रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीसमोर उभा राहिला, तर आतल्या माणसाला तो दिसलाच नाही. "पुढचा कोण?" असा आवाज आला आणि मागची व्यक्ती पुढे सरकली. भावाने हात वर करून फाईल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, तेव्हा कुठे नाव विचारलं गेलं. पुढे ओळखीतल्या काही कुटुंबांचे अर्ज भरून दिले. सगळीकडे एकच गैरसमज दिसला: दिव्यांगांच्या कायद्याच्या यादीत ड्वार्फिझम, म्हणजे वैद्यकीय कारणाने उंची फार कमी राहणं, आहे, म्हणजे सवलती मिळणारच. तसं होत नाही. यादीत बसणं वेगळं आणि अपंगत्व 40 टक्के भरणं वेगळं, आणि सगळं अडतं ते इथेच.

पात्र कोण?

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते. त्यांत कमी उंचीचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि प्रकार 21 झाले. त्यात ड्वार्फिझमची व्याख्या स्पष्ट आहे: वैद्यकीय किंवा जनुकीय कारणामुळे प्रौढ वयातली उंची 4 फूट 10 इंच, म्हणजे 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असणं. घरात सगळेच ठेंगणे आहेत, एवढ्यावर दाखला मिळत नाही. कारण वैद्यकीय असावं लागतं. उलट, घरातल्या ज्येष्ठांना जुन्या कायद्याच्या काळात "हे अपंगत्वात येत नाही" म्हणून परत पाठवलं असेल, तर त्यांनी आता नव्याने अर्ज करावा.

अशा कारणांत सर्वाधिक आढळणारं म्हणजे अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया. एफजीएफआर 3 या जनुकातल्या बदलामुळे हातापायांची लांब हाडं पुरेशी वाढत नाहीत. असा बदल असलेल्या दहांपैकी साधारण आठ जणांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, कारण बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या आईने "तुमच्या माहेरी कोणी होतं का?" हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकला. आईवडिलांपैकी एकाला अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया असेल, तर प्रत्येक गरोदरपणात तो बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. दोघांनाही असेल, तर बाळाला दोन्हीकडून तो बदल मिळण्याची शक्यता चारात एक असते आणि असं बाळ सहसा जगत नाही. म्हणून मूल होऊ देण्याआधी जनुकीय समुपदेशन घ्या.

मूल लहान असेल, तर दाखल्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून कारण शोधून घ्या. वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असेल तर वेळेत उपचार होतात, आणि ती वर्षं हातची गेली तर परत येत नाहीत. वाढत्या वयात दाखला बहुधा ठरावीक मुदतीचा मिळतो. मुदत दाखल्यावरच लिहिलेली असते, ती संपण्याआधी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

टक्के कसे मोजतात?

बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत उंचीतल्या प्रत्येक इंच घटीला 4 टक्के धरले आहेत. माझा भाऊ 4 फूट 10 इंचांपेक्षा 13 इंच कमी, म्हणून 52 टक्के. बरोबर 4 फूट उंची असेल तर 40. पण 4 फूट 3 इंच उंचीच्या बाईला नुसत्या उंचीवर 28 टक्केच मिळतात. दाखला मिळतो, आरक्षण मिळत नाही.

इथेच बरीच कुटुंबं माघारी फिरतात, आणि मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं. हाडांचं इतर व्यंग वेगळं मोजून त्यात मिळवायची तरतूद आहे: वाकलेले पाय, पूर्ण सरळ न होणारे कोपर, मणक्याचा बाक. ही बेरीज साधी नसते. मोठा आकडा तसाच ठेवायचा, लहान आकड्याला 90 मधून मोठा आकडा वजा करून येणाऱ्या संख्येने गुणायचं, 90 ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. त्या बाईच्या पायांचं व्यंग 20 टक्के ठरलं, तर 28 मध्ये जवळपास 14 मिळतात आणि ती 40 च्या पुढे जाते. म्हणून दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर फक्त उंची मोजून घेऊन परत येऊ नका. पाय, पाठ, चालताना होणारा त्रास, सगळं सांगा आणि तपासायला लावा. मार्च 2024 मध्ये ही तत्त्वं सुधारून आली आहेत, तेव्हा जाण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून ताजा तक्ता समजून घ्या.

उंची अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून मोजली जाते. आकडा तिथेच बघा आणि टिपून ठेवा. इंचाचा फरक म्हणजे 4 टक्के!

कागदपत्रं आणि अर्ज

आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा, एवढं स्कॅन करून ठेवा. आधीचा दाखला असेल तर तोही. जनुकीय तपासणीचा अहवाल नियमांतल्या सक्तीच्या कागदांत नाही, त्यामुळे केवळ दाखल्यासाठी ती महागडी तपासणी करू नका. जुने एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद, अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या मात्र तारखेप्रमाणे लावून न्या. वर सांगितलेली बेरीज याच कागदांवर उभी राहते.

1 जून 2021 पासून दाखला केंद्राच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवरूनच मिळतो, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तेही तिथूनच. तिथे नोंदणी करून प्रकारात ड्वार्फिझम निवडायचं आणि आपल्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार चालू आहेत ते रुग्णालय निवडायचं. नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. अर्जाला शुल्क नाही. नेट कॅफेवाला स्वतःचे पैसे घेईल तेवढेच. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच भरा. आमच्या एका ओळखीच्यांच्या अर्जात आडनावातल्या एका अक्षराने दोन हेलपाटे झाले.

मग सिव्हिलमध्ये प्रत्यक्ष तपासणी होते. दिव्यांग बोर्डाचे दिवस ठरलेले असतात, आधी फोन करा. शक्य असेल तर घरातलं स्टूल सोबत न्या. हे कुठल्याही यादीत नसतं, पण खिडकी, तपासणीचं टेबल, पाण्याचा नळ सगळं उंचावर असतं, आणि दर वेळी कोणाला तरी "उचला" म्हणणं मोठ्या माणसाला नकोसं होतं.

नियमांतल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर दाखला देण्याची मुदत तीन महिने आहे. आपण दोन वर्षं पाठपुरावा केला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि नव्याने करावा लागतो. कार्डाचा रंग टक्क्यांप्रमाणे असतो: 40 च्या आत पांढरा, 40 ते 80 च्या आत पिवळा, 80 पासून पुढे निळा. दाखला देशभर चालतो, बदलीने किंवा लग्नाने राज्य बदललं तरीही.

40 टक्के झाल्यावर

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का ज्या गटाला आहे त्यात ड्वार्फिझम येतं. सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट. शाळकरी मुलांना 6 ते 18 वयात मोफत शिक्षणाचा हक्क. एसटीची प्रवास सवलत आणि तहसील कार्यालयातली संजय गांधी निराधार योजना यांचे अर्ज वेगळे करावे लागतात, कार्ड आलं म्हणून ते आपोआप सुरू होत नाहीत.

दाखला असूनही कोणी उंचीकडे बोट दाखवून दार बंद केलं, तर गुजरातच्या डॉ. गणेश बरैया यांचं उदाहरण सांगा. सुमारे 3 फूट उंचीमुळे त्यांना एमबीबीएसला प्रवेश नाकारला होता. उच्च न्यायालयात हरल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले, 2018 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. सार्वजनिक ठिकाणी कोणी मुद्दाम अपमान केला, तर कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंडाची तरतूद आहे.

अर्ज नाकारला, तर कारण लेखी मिळालं पाहिजे. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. टक्के कमी वाटले तरी कलम 59 खाली अपील करता येतं, राज्याच्या नियमांत दिलेल्या मुदतीत. अपिलाला दाखल्याची प्रत, एक्स-रे आणि मोजणीच्या वेळी टिपून ठेवलेला तो उंचीचा आकडा जोडा.