गायीचा दात, पेंढा आणि 80 लाख वर्षांपूर्वीचं गवत

परवा कुळागरात, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेत, पाटातला गाळ काढत होतो तर भाच्याला एक दात मिळाला, बोटाएवढा लांब आणि काळपट, आणि तो ओरडत आला की मामा डायनासोर! डायनासोर कसला, आमच्याच कुठल्यातरी म्हाताऱ्या गायीचा दात तो. पण त्याला तसं सांगायच्या आधी मीच तो हातात घेऊन पाच मिनिटं बघत बसलो.

गोव्यात सस्तन प्राण्यांचे जीवाश्म मिळणं मुळात कठीण. आपला बराचसा खडक प्राणी जन्माला यायच्या कितीतरी आधीचा आणि वर जांभा, त्याची माती आम्लधर्मी, तिच्यात हाडं टिकत नाहीत, विरघळून जातात. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेले बैल आणि हरणं आहेत, ती बघायची आणि समाधान मानायचं.

तर दात. गायीची दाढ वरून बघा, चंद्रकोरीसारख्या उभ्या कडा दिसतात. त्या कडा एनॅमलच्या, म्हणजे दाताच्या सगळ्यात कडक थराच्या, मधला भाग त्याखालच्या मऊ डेंटिनचा, म्हणून मधलं आधी झिजतं आणि कडा वर राहतात. पाट्याला टाकी लावून घ्यावी लागते ना, तशी ही दाढ चावता चावता स्वतःच टाकी लावून घेते. शिवाय उंच असते, बराचसा भाग हिरडीत राखीव आणि झिजेल तसा वर सरकतो. डुकराची दाढ उलट बुटकी, उंचवट्यांची, थोडीफार आपल्यासारखी. गवतात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात ते दात घासून काढतात, म्हणून उंच दाढा दिसल्या की तिथे गवताळ रान होतं असा सरळ हिशेब बरीच वर्षं चालला. पण पॅटागोनियात सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीचे उंच दातांचे प्राणी मिळाले आणि मातीतले वनस्पतींचे सूक्ष्म कण तपासले तर गवताळ रान नव्हतंच, माडाच्या जातीची झाडं होती, म्हणजे बहुतेक ज्वालामुखीच्या राखेने आणि धुळीने दात झिजत होते. मला हे लगेच पटलं, कारण खाणीच्या रस्त्याकडेचं तांबड्या धुळीने माखलेलं गवत खाणाऱ्या गायी मी लहानपणापासून बघतोय.

म्हणून आता नुसता दाताचा आकार बघून भागत नाही, दाताच्या आतला कार्बनही बघतात. झाडं हवेतला कार्बन मुख्यतः दोन पद्धतींनी घेतात, सी-थ्री आणि सी-फोर. भात, माड, आंबा, जंगलातली झाडं सगळी सी-थ्री, तर ज्वारी, मका, ऊस, नाचणी आणि उष्ण प्रदेशातली बरीच गवतं सी-फोर. सी-फोरमध्ये जड कार्बन, म्हणजे कार्बन-13, जरा जास्त असतो, प्राण्याने ते खाल्लं की तोच फरक एनॅमलमध्ये उतरतो, आणि एनॅमल इतकं घट्ट की कोट्यवधी वर्षं तो तसाच राहतो.

याचा सगळ्यात भारी दाखला आपल्याच उपखंडात आहे, हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक खडकांत. 1989 साली क्वेड आणि सर्लिंग या भूशास्त्रज्ञांच्या टीमने पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या जुन्या मातीतल्या चुनखडीत कार्बनमधला बदल वाचला, आणि दातांनीही पुढे तेच सांगितलं. साधारण 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी सी-थ्री जंगल हटलं आणि सी-फोर गवत पसरलं. तिथे शिवापिथेकस नावाचा मोठा वानर राहायचा, ओरांगउटानचा नातेवाईक, तो साधारण 85 लाख वर्षांपूर्वी दिसेनासा झाला. फळं आणि झाडपाला यांच्यावर जगणारे बरेच प्राणी हळूहळू गेले, ज्यांना गवत जमलं त्यांचं बरं चाललं. गवत नेमकं का पसरलं यावर अजून वाद आहेत, कोण म्हणतं हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, कोण म्हणतं कोरडा ऋतू लांबला, वणवे वाढले. मला तरी एकच कारण असेल असं वाटत नाही.

आणि पाऊससुद्धा दातात असतो! दात वरून खाली महिनोन्महिने बनत जातो, म्हणून बारीक ड्रिलने त्यावर एकाखाली एक आडव्या रेघा मारून पावडर काढतात आणि ऑक्सिजन मोजतात. मुसळधार पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे एकाच दातात पावसाळा आणि उन्हाळा लाटेसारखे वरखाली दिसतात.

उष्णता वाढली की काय होतं तेही बघा. 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पृथ्वी 5 ते 8 अंशांनी तापली, तेव्हा अमेरिकेत वायोमिंगमध्ये सिफ्रहिप्पस नावाचा मांजराएवढा घोडा होता, साडेपाच किलोंचा. गरमी वाढत गेली तसा तो चार किलोंच्या आसपास आला आणि थंडावल्यावर पुन्हा सात किलोंचा झाला, हे सगळं वजन दातांच्या मापावरून काढलेलं.

हे ऐकून भाचा म्हणाला, मग आपल्या गायीच्या दातात काय निघेल? विचार केला तर मजाच. उन्हाळाभर तिला भाताचा पेंढा, नारळाची पेंड आणि पेज, म्हणजे सगळं सी-थ्री, पावसाळ्यात बांधावरचं हिरवं गवत, त्यात सी-फोर बरंच. म्हणजे उद्या कोणी तो दात तपासला तर त्याला वाटणार ही गाय उन्हाळ्यात घनदाट जंगलात जायची आणि पाऊस पडला की माळावर यायची. प्रत्यक्षात ती गोठ्यातून बांधापलीकडे कधी गेलीच नाही.